मिटलेला लॅपटॉप का झोपतो? झाकणाच्या एका नियमाचा इतिहास

धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाचे नाव इतिहासाच्या विद्यार्थ्यास नवे नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच निवर्तले. त्यांच्या पश्चात त्यांच्या दप्तरांभोवती ही संस्था उभी राहिली. त्याच शहरी समर्थ वाग्देवता मंदिरात शंकर श्रीकृष्ण देव यांनी जमवलेली रामदासी बाडे आहेत. आमच्या पिढीचा विद्यार्थी असे जुने कागद पुष्कळदा छायाचित्रांवरूनच वाचतो. हात न उचलता लिहिलेली मोडीची ओळ लॅपटॉपच्या चौदा इंची पडद्यावर उलगडत नाही. म्हणून मोठा मॉनिटर जोडायचा आणि लॅपटॉप मिटून कडेला ठेवायचा. पण मिटताक्षणी तो झोपी जातो आणि रात्रभर चालायची नक्कल अर्ध्यावर थांबते.

आजचा धागा या झोपेविषयी.

शिंपल्याप्रमाणे मिटणारा संगणक १९८२ साली आला : बिल मॉग्रिज यांनी आरेखित केलेला ‘ग्रिड कंपास’. गंमत अशी की तो थेट विजेवर चालत असे. झाकण होते ते पडदा जपण्यासाठी आणि यंत्र नेण्यासाठी. झाकणाचा आणि झोपेचा संबंध जुळला तो पुढे, संगणक बॅटरीवर चालू लागल्यावर. उजळलेला पडदा बॅटरी झपाट्याने खातो. तेव्हा झाकण मिटले म्हणजे मालक उठून गेला, असे गृहीत धरणे सोयीचे ठरले.

हे गृहीतक सर्वत्र लागू नाही, हे उत्पादकांनाही लवकरच उमगले होते. १९९२ मध्ये ॲपलने ‘पॉवरबुक ड्युओ’सोबत एक गोदी विकायला काढली. मिटलेला लॅपटॉप तिच्यात व्हिडिओ कॅसेटसारखा सरकवायचा आणि बाहेरच्या मॉनिटरवर काम करायचे! आपण आज केबलने करतो ते हेच.

डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी ऊर्जाव्यवस्थापनाचे एक सामाईक मानक प्रसिद्ध केले. माझ्या मते या कथेतील खरे वळण हेच. यात झाकणाकडे केवळ वर्दी देण्याचे काम उरले : ‘उघडे’ किंवा ‘मिटलेले’. पुढे काय करायचे, हा निर्णय कार्यप्रणालीचा. आज ती वर्दी बहुधा एक लहानसे चुंबक आणि त्याची चाहूल घेणारा संवेदक देतात. त्यामागचे तत्त्व एडविन हॉल यांनी १८७९ सालीच दाखवून दिले होते.

निर्णय कार्यप्रणालीकडे गेल्यामुळे तो बदलताही येतो. विंडोजमध्ये कंट्रोल पॅनेलच्या ‘पॉवर ऑप्शन्स’मध्ये झाकण मिटल्यावर ‘डू नथिंग’ निवडता येते. मात्र बॅटरी आणि वीजजोडणी यांचे रकाने वेगळे असतात. आजच्या बहुतेक लिनक्स प्रणालींत दुसरा पडदा जोडलेला असला की यंत्र गोदीत आहे असेच धरले जाते, आणि झाकणाच्या वर्दीकडे मुळातच दुर्लक्ष होते. मॅकची अट कडक : चार्जर, मॉनिटर, बाहेरचा कीबोर्ड आणि माऊस, सारे जोडलेले हवे.

चार्जरची ही अट खान्देशात जाचते. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात येथील गावांना भारनियमनाची वेळापत्रके तोंडपाठ होती, आणि उन्हाळ्यात वीज आजही जाते. लॅपटॉपची बॅटरी भरलेली असली तरी त्या क्षणी मिटलेला मॅक झोपू शकतो. तेव्हा इन्व्हर्टरवर केवळ मॉनिटर नव्हे, चार्जरही हवा.

दुसरी बाब उष्म्याची. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. कित्येक लॅपटॉपांची गरम हवा बिजागरीपाशी बाहेर पडते, काही उष्णता कीबोर्डमधूनही निघते. मिटल्यावर या वाटा कोंडतात. गादीवर किंवा पुस्तकांच्या चळतीत न ठेवता तो जाळीच्या स्टँडवर, झरोके मोकळे ठेवून ठेवावा.

आणि काम आटोपल्यावर ‘डू नथिंग’ पूर्ववत ‘स्लीप’वर आणावे. तसे न करता यंत्र पिशवीत घातले तर ते आतही जागेच राहते, आणि धुळ्याहून जळगावला निघालेली एसटी पारोळ्याला पोहोचेपर्यंत पिशवी चांगलीच तापलेली असते.