जिवंत कुंपणाचा इतिहास

काटेरी तार गावोगावी मिळू लागण्यापूर्वी महाराष्ट्रात परसाचे आणि मळ्याचे कुंपण बहुधा झाडांचेच असे. झाड निवडताना पहिली कसोटी म्हणजे गुरांनी त्याला तोंड लावू नये. अडुळसा आणि निर्गुडी तिला उतरत. दोन्हींचा पाला उग्र, म्हणून शेळीसुद्धा टाळते. पावसाच्या तोंडावर हातभर लांबीच्या फांद्या खोचल्या की त्या मुळे धरतात, आणि खोकला-सांधेदुखीचे औषधही दारातच राहते. करवंद ताज्या बियांपासून लावावे लागते आणि सावकाश वाढते. पण जाळी दाट झाली की तिच्या जोडकाट्यांतून वाट काढणे गुरांना अशक्यच. सागरगोट्याचे आकडेदार काटे अंगावरचे कापड सहजी सोडत नाहीत.

अमेरिका खंडातून आलेल्या निवडुंगाने मात्र कुंपणानेच शेत खावे तसे केले. 1795 मध्ये तांबड्या रंगासाठी निवडुंगावर जगणारा कोशिनील कीटक भारतात आणला गेला. तो निघाला कमी प्रतीच्या रंगाचा, भलत्याच जातीचा. तरी त्याने निवडुंगाच्या एका जातीचा फडशा पाडला. फड्या निवडुंग आटोक्यात आणायला 1926 मध्ये श्रीलंकेतून या कीटकाची दुसरी जात आणावी लागली. शोभेसाठी आलेली घाणेरी तर आजही रानोमाळ पसरलेली आहे.

घरच्या बागेला म्हणून अडुळसा, निर्गुडी, करवंदच लावावे. पहिली दोन वर्षे शेंडे खुडत राहावे, म्हणजे कुंपण बुडापासून दाट होते.