टोकियोला ऑफिसच्या कामासाठी जाताना अडवणाऱ्या छोट्या गोष्टी

जपानचं घड्याळ भारताच्या साडेतीन तास पुढे असतं. म्हणजे टोकियोतली सकाळी ९ ची मीटिंग नुकत्याच पोहोचलेल्या पाहुण्यासाठी पहाटे साडेपाचची असते.

मीटिंगची सुरुवात ‘मेइशी’ने, म्हणजे व्हिजिटिंग कार्डाने होते. कार्ड दोन्ही हातांनी द्यायचं, दोन्ही हातांनी घ्यायचं आणि वाचून समोर टेबलावर ठेवायचं. न वाचता खिशात कोंबणं किंवा त्यावर काही खरडणं हा अपमान समजला जातो.

हॉटेलात वीज १०० व्होल्टची आणि सॉकेट दोन चपट्या पिनांचं असतं. लॅपटॉपचा चार्जर सहसा ॲडॉप्टर लावून चालतो. घरून नेलेली किटली मात्र पाणी तापवायला फार वेळ घेते.

शाकाहारी माणसाची पंचाईत मिसो सूपपाशी होते. त्यात मासा दिसत नाही, पण त्याचा ‘दाशी’ हा अर्क बहुधा सुकवलेल्या माशाचाच असतो. त्यामुळे ऑर्डर देण्याआधी विचारलेलं बरं.

सगळ्यात महाग पडतो तो रात्रीचा उशीर. शेवटच्या लोकल साधारण १२ ते १ च्या दरम्यान सुटतात आणि पुढची गाडी थेट पहाटे ५ च्या सुमारास. ती चुकली की टॅक्सीच करावी लागते, आणि रात्री १० नंतर टॅक्सीला २० टक्के जादा भाडं पडतं.