एका स्विचवर दोन पंख्यांच्या मोटारी कशा जोडायच्या?

हिमायतनगरसारख्या मराठवाड्यातल्या गावात एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. मग दुकानात, हॉलमध्ये किंवा मोठ्या घरात एका पंख्याचा कुलर पुरत नाही. अशा वेळी दोन पंख्यांचा लोखंडी कुलर वापरतात, आणि दोन्ही मोटारी एकाच बटणावर चालाव्यात असं वाटणं साहजिक आहे. हे करता येतं. फक्त मोटार एका स्पीडची आहे की तीन स्पीडची, यावर जोडणी ठरते.

आधी लोड बघा

प्रत्येक मोटार १५० वॅटची धरली तर दोन्ही मिळून ३०० वॅट होतात. २३० व्होल्टला हा करंट साधारण दीड अँपिअर येतो. सुरू होताना मोटार काही क्षण याच्या कितीतरी पट करंट ओढते, तरी चांगल्या प्रतीचा ६ अँपिअरचा स्विच पुरतो. नेमके वॅट मोटारीच्या पट्टीवर लिहिलेले असतात, ते वाचूनच हिशोब करा.

एका स्पीडच्या मोटारी

जोडणी नेहमी समांतर, म्हणजे पॅरललच करायची. फेज (लाल तार) आधी स्विचमध्ये न्यायची आणि स्विचमधून निघालेली तार दोन्ही मोटारींना द्यायची. न्यूट्रल (काळी तार) दोन्हींना थेट द्यायची. त्यामुळे प्रत्येक मोटारीला पूर्ण २३० व्होल्ट मिळतात आणि एक बंद पडली तरी दुसरी चालू राहते.

एका मोटारीतून निघालेली तार दुसरीत घातली तर ती सिरीज जोडणी होते. मग प्रत्येकीला जवळपास निम्माच व्होल्टेज मिळतो. व्होल्टेज निम्मा झाला की मोटारीचा जोर साधारण एक चतुर्थांश उरतो. पंखा नुसता घुमतो, फिरत नाही आणि मोटार तापते.

कंडेन्सर मात्र प्रत्येक मोटारीला स्वतंत्रच हवा. दोघींत एकच मोठा कंडेन्सर लावायचा नाही.

तीन स्पीडच्या मोटारी: खरी चूक इथे होते

कुलरच्या फिरत्या स्विचला हळू, मध्यम आणि जोरात अशा तीन तारा येतात. दोन्ही मोटारींच्या सारख्या तारा एकत्र पिळून त्याच स्विचला लावल्या की काम झालं, असं वाटतं. पंखे फिरतातही. पण काही दिवसांत मोटार तापून जळू शकते.

असं का? या तिन्ही तारा मोटारीच्या एकाच वाइंडिंगच्या वेगवेगळ्या जागांवरून काढलेल्या असतात. तुम्ही ‘जोरात’ लावलं तरी बाकीच्या दोन तारांवर व्होल्टेज तयार होतच असतो. एकाच कंपनीच्या दोन मोटारींतही हा व्होल्टेज तंतोतंत सारखा नसतो. तारा एकत्र बांधलेल्या असल्या की या फरकामुळे एका मोटारीतून दुसरीत करंट फिरत राहतो. त्याचं काम काहीच नाही, तो फक्त वाइंडिंग तापवतो.

यावर दोन उपाय आहेत:

- दोन पोलचा फिरता स्विच घ्या. एका पोलवर पहिल्या मोटारीच्या तीन तारा, दुसऱ्या पोलवर दुसरीच्या. फेज दोन्ही पोलना द्यायची.
- तो मिळाला नाही तर दोन साधे फिरते स्विच लावा, आणि त्या दोन्हींच्या आधी फेजवर एक चालू-बंद स्विच द्या. एका बटणावर दोन्ही पंखे चालू-बंद होतात, स्पीड मात्र वेगवेगळा ठेवता येतो.

छताच्या पंख्यांचंही असंच: एका स्विचवर दोन पंखे चालतील, पण रेग्युलेटर प्रत्येकाला वेगळा ठेवा.

कुलरमध्ये अर्थिंगला पर्याय नाही

पाणी, लोखंडी पत्रा आणि वीज एकाच ठिकाणी असल्यामुळे इथे हलगर्जीपणा जिवावर बेततो.

- काम सुरू करण्यापूर्वी प्लग काढा. नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही.
- कंडेन्सरची टोकं उघडी असतील तर त्यांना हात लावू नका. प्लग काढल्यावरही त्यात चार्ज राहू शकतो.
- तीन पिनांचाच प्लग वापरा. हिरवी तार कुलरचा पत्रा, दोन्ही मोटारी आणि पंप यांना जोडा, आणि घरातलं अर्थिंग खरोखर चालू आहे का ते तपासून घ्या.
- ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवा.
- सगळे जोड पाण्याच्या वर, बंद डबीत ठेवा.
- टाकीत पाणी भरताना प्लग काढलेला असावा.

जोडणी झाल्यावर कुलर पंधरा-वीस मिनिटं चालवा. मग प्लग काढून दोन्ही मोटारींना हात लावून बघा. एक दुसरीपेक्षा फारच गरम लागली, तर जोडणी पुन्हा तपासा. तारांचे रंग कंपनीनुसार बदलतात, म्हणून मोटारीवरची आकृती बघूनच जोडा. आकृती पुसली गेली असेल किंवा पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर कुलर बंद ठेवून परवानाधारक वायरमनला बोलवा.