धुराड्याचा परवाना

घर बांधण्यापूर्वीं नकाशा मंजूर करून घ्यावा लागतो, औषधांचें दुकान घालण्यापूर्वीं परवाना काढावा लागतो, यांत आज कोणास नवल वाटत नाहीं. परंतु भट्टी अगर बॉयलर उभारण्यापूर्वीं "या यंत्रांतून हवेंत काय जाणार आहे?" या प्रश्नाचें लेखी उत्तर देऊन सरकारची अनुज्ञा मिळवावयाची, ही कल्पना मनुष्यजातीस फार उशिरां सुचली. पुष्कळ कारखानदारांस हा अर्ज म्हणजे निव्वळ कागदी उपद्व्याप वाटतो. पण त्याच्या मुळाशीं न्यायाचा एक जुना प्रश्न आहे. म्हणून त्याचा इतिहास वाचकांपुढें थोडक्यांत मांडण्याचें योजिलें आहे.

जुना न्याय असा होता कीं, ज्यास धुराचा उपद्रव झाला त्यानें फिर्याद करावी, आणि तो धूर कोणाचा हेंही त्यानेंच सिद्ध करावें. गांवांत एकच धुराडें असेल तर हें साधेल. पन्नास धुराडीं एकदम ओकूं लागलीं म्हणजे फिर्यादी हतबल होतो. इंग्लंडांत एकोणिसाव्या शतकांत हेंच घडलें. लब्लांकच्या रीतीनें मिठापासून सोडा करतांना हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सुटे, व लँकेशायरमधील सेंट हेलेन्स, विडनेस वगैरे गांवांभोंवतीं झाडें व पिकें करपून जात. उंच धुराडीं बांधून पाहिलीं. त्यामुळें वाफ नाहींशी न होतां दूरच्या शेतांवर पडूं लागली, एवढेंच. ही वाफ पाण्यांत शोषून घेणाऱ्या मनोऱ्याची युक्ति विल्यम गॉसेज यानें १८३६ सालीं काढली होती. पण ती सर्वांनीं योजावी असें बंधन नव्हतें. अखेर १८६३ च्या अल्कली कायद्यानें शेंकडा ९५ भाग वाफ धरून ठेवलीच पाहिजे असा दंडक घातला, आणि रॉबर्ट अँगस स्मिथ या रसायनशास्त्रज्ञाची तपासनीस म्हणून नेमणूक झाली. शेतकऱ्याच्या फिर्यादीची वाट न पाहतां कारखान्याच्या दारांत जाऊन मोजमाप करणारा अधिकारी येथें निर्माण झाला.

तथापि यंत्र बसविण्यापूर्वींच त्याची हवेच्या दृष्टीनें पारख करण्याची पद्धति पूर्ण रूपास आली ती अमेरिकेंत, लॉस एंजेलिस येथें. हें शहर एके काळीं निर्मळ हवेसाठीं प्रसिद्ध असे. क्षयरोगी तेथें हवापालटास जात. पण एका अंगास समुद्र, दुसऱ्या अंगास डोंगर, आणि माथ्यावर उष्ण हवेचा थर झांकणासारखा बसलेला, अशी त्याची रचना. दुसऱ्या महायुद्धांत तेथें कारखाने भराभर वाढले. २६ जुलै १९४३ रोजीं शहरावर असें दाट धुकें उतरलें कीं तीन चौकांपलीकडचें दिसेना, डोळ्यांस पाणी सुटलें, घसे चुरचुरूं लागले. शत्रूनें विषारी वायु सोडला कीं काय, अशीही शंका लोकांस आली! लोकांचा रोष प्रथम कृत्रिम रबरासाठीं ब्युटाडाईन तयार करणाऱ्या एका कारखान्यावर वळला. परंतु त्याचें काम थांबवूनही धुकें हटेना. एकच गुन्हेगार शोधण्याची जुनी रीत येथें पांगळी ठरली.

आणखी एक अडचण होती. लॉस एंजेलिस परगण्यांत स्वतंत्र कारभाराचीं चाळीसांहून अधिक शहरें होतीं. एका शहरानें कडक नियम केले तर धुराडें शेजारच्या शहरांत उभें राही. धूर मात्र वेस ओळखीत नसे. सेंट लुईस शहराचा धूर हटविण्यांत नांव कमावलेले रेमंड टकर यांस स्थानिक वृत्तपत्रानें पाचारण केलें. १९४७ च्या आरंभीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या अहवालांत त्यांनीं साऱ्या परगण्यासाठीं एकच अधिकारपीठ असावें असें सुचविलें. १० जून १९४७ रोजीं गव्हर्नर अर्ल वॉरन यांनीं तशा कायद्यावर सही केली, व त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत परगण्याचें हवा-प्रदूषण-नियंत्रण मंडळ स्थापन झालें. लुई मॅकेब हे त्याचे पहिले संचालक.

या मंडळाचें मुख्य शस्त्र म्हणजे परवाना. हवेंत दूषित द्रव्य सोडूं शकेल असें यंत्र, किंवा तें द्रव्य अडविणारें साधन, उभारण्यापूर्वीं मालकानें अर्ज करावा. यंत्राचें वर्णन, नकाशे, त्यांत काय व किती जाळलें जाणार, हें सर्व त्यांत द्यावें. मंडळाचे इंजिनियर तो तपासीत व मग उभारणीची परवानगी मिळे. यंत्र उभें राहिल्यावर पुन्हां पाहणी होई, आणि तेव्हां चालविण्याचा परवाना हातीं येई. धुराची मर्यादाही ठरली: रिंगेलमनच्या तक्त्यावरील दुसऱ्या क्रमांकापेक्षां काळा धूर तासांत तीन मिनिटांहून अधिक निघतां कामा नये. खरी क्रांति होती ती पुराव्याच्या बाबतींत. नियमभंग होणार नाहीं हें अर्जदारानें दाखवावयाचें. न दाखविल्यास परवाना नाहीं. जें ओझें शतकानुशतकें पीडितांच्या डोक्यावर होतें, तें यंत्राच्या धन्याच्या डोक्यावर आलें.

परंतु परवान्याची महति गातांना त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. कारखाने परवान्याखालीं आले, तरी डोळ्यांची आग पूर्ण थांबली नाहीं. अननसाच्या सुवासाचें संशोधन करणारे आरी हागेन-स्मित या रसायनशास्त्रज्ञांनीं १९५० च्या सुमारास त्याचें कारण दाखवून दिलें. तेलाच्या वाफा व नायट्रोजनचे ऑक्साइड यांच्यावर ऊन पडून ओझोन तयार होतो. आणि या दोन्ही वस्तु तेल गाळण्याच्या कारखान्यांतूनच नव्हे, तर प्रत्येक नागरिकाच्या मोटारींतूनही सुटतात. तेलकंपन्यांच्या पैशानें संशोधन करणाऱ्यांनीं या मतावर आक्षेप घेतले, पण अखेर तें टिकलें. घरोघरच्या अंगणांत कचरा जाळण्याच्या भट्ट्याही १९५७ सालीं बंद कराव्या लागल्या. दुसऱ्याच्या धुराड्याकडे बोट दाखविणाऱ्या समाजास आपल्याच अंगणाकडे पाहावें लागलें.

आपल्या देशांत हा विचार १९८१ च्या हवाप्रदूषण कायद्यानें आला. त्याच्या एकविसाव्या कलमानें राज्यमंडळाची पूर्वसंमति आवश्यक केली. अर्जाचा निकाल चार महिन्यांत, कारणें नोंदवून, लागावा असें ठरविलें. मूळ कलमांत परिशिष्टांत नमूद केलेल्या उद्योगांचा कारखाना 'चालविण्यास' संमति हवी, एवढेंच होतें. १९८७ च्या दुरुस्तीनें तें परिशिष्टाचें बंधन गेलें व 'स्थापण्यास' हाही शब्द कलमांत आला. शब्द एकच, पण फरक मोठा आहे. कोट्यवधि रुपये ओतून उभा केलेला कारखाना बंद करण्याचें धैर्य सहसा कोणास होत नाहीं, आणि तेव्हां घातलेल्या अटी वरातीमागून घोडें ठरतात. १९८४ च्या डिसेंबरांत भोपाळच्या निद्रिस्त वस्तींत जो वायु शिरला, त्यानें आधीं विचारलेल्या प्रश्नाचें मोल या देशास फार दारुण रीतीनें शिकविलें होतें.

तेव्हां परवान्याचा अर्ज हा वरवर रुक्ष दिसला तरी त्यांतील प्रत्येक रकाना म्हणजे कोणी तरी उशिरां विचारलेला प्रश्न आहे. तो रकाना खोटा भरणारा मालक व न वाचतां शिक्का मारणारा अधिकारी, हे दोघेही त्या प्रश्नाचा इतिहास विसरलेले असतात. अन्न निवडून खातां येतें, पाणी गाळून पितां येतें. हवा मात्र जशी येईल तशी श्वासांत घ्यावी लागते. म्हणून तींत कांहीं मिसळूं पाहणाऱ्यानें आधीं विचारावें, हा साधा शेजारधर्म आहे. कायद्यानें त्यास फक्त अर्जाचें रूप दिलें आहे.