कोरेगावचे नसलेले रिव्हॉल्वर

उस्मानपुऱ्यात राहणाऱ्या आमच्या चुलत आजोबांचे जुने रिव्हॉल्वर वारशाने आमच्याकडे आले. "हे भीमा कोरेगावचे," असे घरात लहानपणापासून ऐकत होतो. त्यावरचा छाप वाचला : वेब्ली, मार्क सहा. हे मॉडेल ब्रिटिश सैन्यात १९१५ साली आले. कोरेगावची लढाई १ जानेवारी १८१८ ची. कोल्टचे अमेरिकन पेटंटसुद्धा १८३६ चे. म्हणजे घरची गोष्ट चुकीची.

मग खरे काय? कोरेगावात लढलेल्या महारांची भरती इंग्रजांनी १८९२ च्या सुमारास बंद केली. कारण काय, तर आम्ही 'लढाऊ जात' नाही! महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ ला १११ वी महार पलटण उभारली आणि १९२१ ला मोडली. बाबासाहेब १९४१ मध्ये संरक्षण सल्लागार समितीवर गेले. त्याच वर्षी बेळगावात महार रेजिमेंट सुरू झाली. आजोबांच्या ट्रंकेत सेवापुस्तक सापडले, ते याच रेजिमेंटचे.

रिव्हॉल्वर आम्ही कायद्याप्रमाणे पोलीस ठाण्यात जमा केले. सेवापुस्तक मात्र जपून ठेवले आहे. कोरेगावच्या स्तंभावर 'नाक' लावलेली नावे दगडात कोरलेली आहेत. त्या इतिहासाला खोट्या पुराव्याची गरज नाही. खोटा पुरावा दिला तर विरोधक खऱ्यावरही बोट ठेवतात.

मित्रांनो, आपापल्या घरच्या ट्रंका उघडा, कागद वाचा.

जय भीम!