रॉक मशीन आणि रंगभवन

पेणवरून जाणारी आगगाडी १९८६ साली रोह्यापर्यंत पोहोचली. त्याच वर्षी मुंबईत, धोबीतलावच्या रंगभवनात, ‘इंडिपेन्डन्स रॉक’ हा संगीतोत्सव सुरू झाला. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही. तरी पेण-रोह्याच्या त्या पिढीतील रसिकाला त्या एकत्रच आठवल्या तर नवल नव्हे. उत्सव ऑगस्टमधला, म्हणजे पेणच्या कारखान्यांत गणपती रंगविण्याच्या घाईचे दिवस. निघणे सोपे नसे.

‘रॉक मशीन’ हा त्या पिढीचा लाडका वाद्यवृंद. १९८४ साली मुंबईत जन्मलेल्या या मंडळींनी आरंभी परदेशी गाणी वाजविली. १९८८च्या पहिल्या ध्वनिफितीत मात्र स्वरचित गाणी दिली. उदय बेनेगल, महेश तिनईकर ही आपल्याकडची नावे इंग्रजी रॉकच्या वेष्टनावर वाचण्याचे अप्रूप आज कळणार नाही. १९९३मध्ये वाद्यवृंदाने ‘इंडस क्रीड’ हे नाव घेतले, १९९७मध्ये तो विखुरला.

चाहते हळहळतात ते या विखुरण्यासाठी. खरी हानी, माझ्या मते, निराळी. वाद्यवृंद २०१०मध्ये पुन्हा जुळला. २०१२मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ हा संग्रहही आला. रंगभवनाच्या आसपास मात्र रुग्णालये. ध्वनिप्रदूषणाचे नियम २०००मध्ये आले, परिसर शांतता क्षेत्र ठरला आणि तेथल्या रॉकच्या मैफली थांबल्या. नियम योग्यच होता. रुग्णाची झोप गाण्याहून मोठी. परंतु सेंट झेवियर्स महाविद्यालयाशेजारच्या त्या उघड्या पायऱ्यांवर मुंबईकर आणि रोहेकर खांद्याला खांदा लावून बसत. तशी जागा रॉकच्या श्रोत्यांना कोणी बांधून दिली नव्हती; त्यांनी ती आपली मानली होती.