‘ज्वाला’नंतरचे हसू

मराठी बोलपटातील विनोदाची चर्चा ‘ब्रह्मचारी’पाशी (१९३८) हमखास येऊन थांबते. त्याच वर्षी त्याच संस्थेने, त्याच दिग्दर्शकाने काढलेल्या ‘ज्वाला’चा उल्लेख मात्र बहुधा एका वाक्यात उरकला जातो. मास्टर विनायक यांच्या विनोदाचे मूळ शोधायचे, तर हे वाक्य अपुरे पडते.

१९३६ मध्ये बाबूराव पेंढारकर आणि छायालेखक पांडुरंग नाईक यांच्यासह विनायकांनी कोल्हापुरात ‘हंस पिक्चर्स’ उभी केली. ‘ज्वाला’ हा तिचा सर्वांत महत्त्वाकांक्षी डाव होता. वि. स. खांडेकरांची कथा, चंद्रमोहनसारखा नट, मराठी-हिंदी अशा दोन आवृत्त्या आणि भव्य नेपथ्य असूनही महत्त्वाकांक्षेने पछाडलेल्या सेनापतीची ही शोकांतिका प्रेक्षकांनी नाकारली. संस्थेला सावरले ते आचार्य अत्रे यांच्या ‘ब्रह्मचारी’ने.

या यशाचे श्रेय अत्र्यांच्या लेखणीला द्यावे लागते, हे खरेच. परंतु औदुंबराची भूमिका स्वतः विनायकांनी केली होती. एका व्याख्यानाने भारावून ब्रह्मचर्याची शपथ घेणारा, नट्यांची छायाचित्रे टाकून देणारा आणि किशोरी समोर येताच डळमळणारा हा तरुण त्या सेनापतीचाच धाकटा भाऊ शोभतो. आपल्या कुवतीपेक्षा मोठ्या ध्यासाने दोघेही झपाटलेले आहेत. एकाच्या पदरी विनाश येतो, दुसऱ्याच्या पदरी हशा. एवढाच काय तो फरक. ‘ब्रँडीची बाटली’तील (१९३९) नगरपालिकेचा कारकून बगारामही ब्रँडी म्हणजे काय हे ठाऊक नसताना तिच्या शोधात गंभीरपणेच वणवण करतो. दामुअण्णा मालवणकरांचा तो भाबडा चेहरा विनोद करीत नाही. विनोद त्याच्यावर ओढवतो.

एवढे यश हाती लागूनही विनायक हास्यावर विसंबले नाहीत. ‘देवता’साठी (१९३९) ते पुन्हा खांडेकरांकडे वळले. ‘नवयुग’मध्ये चिं. वि. जोशींच्या ‘लग्न पहावे करून’नंतर (१९४०) त्यांनी खांडेकरांचाच ‘अमृत’ (१९४१) केला. या येरझारांत व्यावसायिक असुरक्षितता होतीच. पण ज्या गांभीर्याने एकदा बुडवले, त्याचाच पुन्हा पाठलाग करणे ही निव्वळ हिशेबी माणसाची रीत नव्हे. प्रेक्षकांनी त्यांना हसवणारा म्हणून स्वीकारले होते; स्वतःची ती ओळख त्यांना पुरेशी वाटली नसावी, असेच हा चित्रपटक्रम सुचवतो.

१९ ऑगस्ट १९४७ रोजी, वयाच्या ४१व्या वर्षी विनायक निवर्तले. तेव्हा ‘मंदिर’ अपुरा होता. तो दिनकर पाटील यांनी पूर्ण केला.